मुलांच्या कर्करोग वॉर्डातल्या नर्सवर ताण येतो तो नेमका कशाचा?

कर्करोग झालेल्या मुलांच्या वॉर्डात काम करणाऱ्या नर्सला बाहेरची माणसं हमखास एकच प्रश्न विचारतात: ‘लहान लहान मुलं अशी जाताना बघवतं कसं तुम्हाला?’ विचारणाऱ्याच्या मनात आस्था असते, पण ताणाचं कारण त्यानं आधीच ठरवून टाकलेलं असतं. कारण म्हणजे मृत्यू. मृत्यू या वॉर्डात आहेच आणि त्याचं दुःखही खरं आहे. पण ‘आजची ड्यूटी कशामुळे जड गेली?’ असं विचारलं, तर उत्तरं वेगळी येतात. रात्रपाळीला एक जण कमी होती. औषध वेळेत वर आलं नाही. एका मुलाला दुखतंय हे दोनदा सांगूनही वेदनाशामकाची ऑर्डर मिळाली नाही. एका आईशी दहा मिनिटं बसून बोलायचं होतं, ते राहूनच गेलं.

या उत्तरांमध्ये दुःखापेक्षा अडवणूक जास्त आहे. काय करायला हवं ते कळतंय, हातात कसबही आहे, आणि तरी ते करता येत नाही. माझ्या मते या कामातल्या ताणाचा गाभा हा आहे, आणि तो ओळखल्याशिवाय केलेले उपाय बहुतेक वेळा वाया जातात.

आधी आजाराबद्दल थोडं. मुलांचा कर्करोग म्हणजे मरण, हे समीकरण जुनं झालं. १९४८ मध्ये बोस्टनच्या डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध देऊन आजार काही काळ का होईना मागे हटतो हे दाखवलं. त्याआधी निदान झालं की मूल काही आठवडे, फार तर काही महिने जगायचं. आज जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना आणि किशोरवयीनांना कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत मात्र हेच प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली राहतं.

यामुळे नर्सचं काम हलकं झालं असेल असं वाटतं, पण तसं नाही. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा ल्युकेमिया घ्या. त्याचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. मूल पहिल्यांदा दाखल होतं तेव्हा त्याला धड बोलता येत नसतं, आणि उपचार संपतात तेव्हा ते शाळेच्या गोष्टी सांगत असतं. या काळात त्याची कोणत्या हाताची शीर पटकन सापडते, उलटीचं औषध कसं दिलं तर ते थुंकत नाही, वडील गप्प बसले की काय समजायचं, हे नर्सला पाठ झालेलं असतं. म्हणजे नातं लांबलं. आजार उलटला तर तो धक्का अनोळखी पेशंटबद्दलचा राहत नाही. दुसरी गोष्ट अधिक बोचरी: हे मूल वाचू शकतं, हे आता माहीत असतं. जिथे औषधांचा साठा संपतो, जिथे पैशापायी किंवा लांबच्या प्रवासापायी पालक उपचार अर्धवट सोडतात, तिथल्या नर्सला ‘नशीब’ म्हणून सुटता येत नाही.

चुकीला जागा नसलेलं काम

या वॉर्डातल्या रोजच्या कामात किती अवधान लागतं याची बाहेर फारशी कल्पना नसते. केमोथेरपीच्या बऱ्याच औषधांचा डोस मुलाच्या शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरून ठरतो. उंची आणि वजन यांवरून ते क्षेत्रफळ काढायचं, मग दर चौरस मीटरला इतके मिलिग्रॅम असा गुणाकार. उपचारात मुलाचं वजन उतरतं, कधी स्टेरॉइडमुळे झपाट्यानं वाढतं, की हिशेब पुन्हा. दशांशचिन्ह एक घर सरकलं तर डोस दहापट होतो, आणि आठ किलोच्या बाळाला दहापट डोस म्हणजे काय हे सांगायला नको.

त्यातलं एक औषध जवळून बघू. व्हिन्क्रिस्टीन हे मुलांच्या ल्युकेमियात नेहमी वापरलं जातं. ते शिरेतूनच द्यायचं असतं. चुकून पाठीच्या कण्यातल्या द्रवात गेलं, तर मूल जवळपास कधीच वाचत नाही. घोळ असा की त्याच मुलाला, कधी कधी त्याच दिवशी, मेथोट्रेक्सेटसारखं दुसरं औषध मुद्दाम पाठीच्या कण्यातूनच द्यायचं असतं. एका ट्रेवर दोन सिरिंज, आणि त्यांची अदलाबदल. जगात वेगवेगळ्या ठिकाणी असे अपघात झाले, चांगल्या रुग्णालयांत झाले, अनुभवी माणसांच्या हातून झाले. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये इशारा काढला: व्हिन्क्रिस्टीन सिरिंजमध्ये भरूच नका, सलाईनच्या छोट्या पिशवीत पातळ करून द्या. पिशवी पाठीतल्या सुईला जोडायला सहसा कोणी जात नाही. हा उपाय मला फार पटतो. ‘जास्त लक्ष द्या’ असं बजावून तो थांबत नाही. एखाद्या दमलेल्या माणसाचं लक्ष चुकलं तरी मूल वाचेल अशी तजवीज करतो. ताणाच्या उपायांकडे येऊ तेव्हा ही पिशवी पुन्हा आठवावी लागेल.

औषध लावण्यापूर्वी दोन नर्सनी ते स्वतंत्रपणे तपासायचं असतं. मुलाचं नाव, मनगटावरची पट्टी, औषध, मात्रा, कोणत्या मार्गानं, किती वेळात, औषध सोडणाऱ्या पंपावर वेग काय टाकलाय. इथे ‘स्वतंत्रपणे’ फार महत्त्वाचं. पहिलीनं काढलेला आकडा बघून दुसरीनं मान डोलावली तर ती तपासणी झालीच नाही. आता ही तपासणी चालू असताना शेजारच्या पंपाचा अलार्म वाजतो, प्रयोगशाळेतून फोन येतो, आणि दारात एक बाबा उभे असतात: ‘सिस्टर, जरा येता का, तो पुन्हा उलटी करतोय.’ यातल्या प्रत्येकाचं काम खरंच तातडीचं असतं. तरी तिनं त्या क्षणी कोणाकडेही बघू नये हेच बरोबर असतं. ‘सिस्टर ऐकतच नाहीत’ ही तक्रार बऱ्याचदा अशाच वेळी जन्माला येते.

मेथोट्रेक्सेट मोठ्या मात्रेत देतात तेव्हा घड्याळ आणखी कडक होतं. औषध मूत्रपिंडात साचू नये म्हणून भरपूर सलाईन चालू ठेवायचं, लघवी अल्कधर्मी राहतेय ना हे पट्टी बुडवून पुन्हा पुन्हा बघायचं, आणि ठरल्या तासाला ल्युकोव्होरिन सुरू करायचं, कारण शरीराच्या निरोगी पेशींना वाचवणारं औषध ते आहे. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं औषध शिरेबाहेर झिरपलं तर आजूबाजूची कातडी आणि मांस मरतं, म्हणून ते चालू असताना शिरेत जाणाऱ्या नळीवरची नजर हलवता येत नाही. आणि पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या मुलाला ताप आला, तर साधारण तासाभरात अँटिबायोटिक शिरेत जायला हवं. उशीर झाला तर जंतुसंसर्ग रक्तात पसरून मूल हाताबाहेर जाऊ शकतं. एकाच वेळी दोन मुलांना ताप येऊ नये असा काही नियम नाही.

हे सगळं नीट पार पडलं तरी ताण ड्यूटीबरोबर संपत नाही. घरी झोप लागते आणि मध्यरात्री जाग येते: नळीचा क्लॅम्प (चिमटा) उघडला होता ना? चारच्या डोसची नोंद केली का? वॉर्डात फोन करून विचारणाऱ्या नर्स आहेत, आणि तो फोन घेणाऱ्या मैत्रिणीला त्यात काही विचित्र वाटत नाही.

यात भर म्हणजे ही औषधं हाताळणाऱ्यालाही घातक असतात. १९७९ मध्ये फिनलंडमधल्या एका अभ्यासात कर्करोगाची औषधं हाताळणाऱ्या नर्सच्या लघवीत जनुकांत बदल घडवणारे घटक जास्त आढळले. १९८५ मध्ये तिथल्याच नर्सवरच्या दुसऱ्या अभ्यासात गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत या औषधांशी आलेला संपर्क आणि गर्भपात यांचा संबंध दिसला. त्यानंतर बंद कॅबिनेट, खास हातमोजे, गाऊन आले. ते सगळीकडे, सगळ्या पाळ्यांना पुरेसे असतात असं मात्र नाही. औषध दिल्यावर किमान दोन दिवस मुलाच्या लघवीत, उलटीत ते उतरत असतं, आणि चादर बदलणारे हात नर्सचे असतात. मूल हवंय असं ठरवलेल्या नर्सच्या डोक्यात ही काळजी सतत कुठेतरी चालू असते.

दुखवणारे हात

बऱ्याच मुलांच्या छातीवर कातडीखाली ‘पोर्ट’ बसवलेलं असतं. दर वेळी शीर शोधायला नको म्हणून ही छोटी डबी. तिच्यात कातडीतून सुई टोचली की औषध सरळ मोठ्या शिरेत जातं. सुई टोचायच्या जागी बधिर करणारं मलम लावता येतं. ते नीट काम करायला साधारण एक तास लागतो.

आता एक सकाळ समजा. पाच वर्षांची मुलगी. मलम लावायला हवं होतं, पण रात्रपाळीला माणसं कमी होती, सांगायचं राहिलं. प्रक्रियेची वेळ नऊची, आणि ती चुकली तर आज पुन्हा मिळणार नाही. पावणेनऊ वाजलेत. नर्स मुलीला ओळखते. घाई केली की ती अंग ताठ करते आणि मग सुई दोनदा टोचावी लागते, हेही तिला ठाऊक आहे. तासभर थांबलं तर सगळं शांतपणे होईल. थांबता येत नाही. मग एक जण पाय धरते, आई डोकं छातीशी धरते, आणि नर्स सुई टोचते. मुलगी तिच्याकडे बघून ओरडते, ‘तू वाईट आहेस!’ अर्ध्या मिनिटाचं काम. पत्रकावर एक बरोबरची खूण. तांत्रिकदृष्ट्या काहीही चुकलेलं नाही.

हा प्रसंग मी मुद्दाम छोटा घेतला. यात कोणी मेलं नाही, कोणी दुष्ट नाही, कोणाचा निष्काळजीपणा ठळकपणे दाखवता येणार नाही. तरी नर्सच्या मनात एक गाठ बसते: मला चांगलं करता येत होतं, आणि मी हे केलं. योग्य काय ते कळतं, पण संस्थेची घडी, अधिकारांची उतरंड किंवा वेळेची टंचाई ते करू देत नाही, अशा स्थितीला अँड्र्यू जेमटन या तत्त्वज्ञानं १९८४ मध्ये नर्सिंगच्या संदर्भात ‘मॉरल डिस्ट्रेस’ असं नाव दिलं. मराठीत तिला नैतिक घुसमट म्हणता येईल.

मोठ्या प्रसंगांत हीच घुसमट अधिक खोल जाते. आजार तिसऱ्यांदा उलटलाय, औषधांचा उपयोग होणार नाही हे जवळजवळ स्पष्ट आहे, तरी केमोची आणखी एक फेरी ठरते. पालकांना आशा सोडवत नाही. डॉक्टरांना ‘आता थांबू’ म्हणवत नाही. निर्णय चर्चेच्या खोलीत होतो. त्या निर्णयामुळे येणारे तोंडातले फोड, जुलाब, रक्त काढताना दर वेळी होणारी रडारड हे सगळं नर्सच्या हातून जातं. पालकांची बाजू खोटी नसते, डॉक्टरांचीही नसते. कधी कधी डॉक्टरांना एखाद्या नव्या औषधाबद्दल जे माहीत असतं ते नर्सला कोणी सांगितलेलं नसतं, आणि ते कळलं असतं तर तिची अर्धी घुसमट गेली असती. पण निर्णयात तिला बोलावलेलंच नसतं.

अमेरिकेतल्या एलिझाबेथ एपस्टीन आणि अ‍ॅन हॅमरिक यांनी २००९ मध्ये यातली एक महत्त्वाची गोष्ट मांडली: प्रसंग संपला तरी घुसमट पूर्ण उतरत नाही, थोडी मागे राहते. भांड्याच्या तळाला क्षार साचतात तशी ती थरावर थर चढते. पुढचा तसाच प्रसंग आला की सुरुवातच वरच्या पातळीवरून होते. म्हणून दहा वर्षं मुरलेली नर्स एखाद्या किरकोळ गोष्टीवर अचानक भडकते किंवा रडते, तेव्हा ‘एवढ्याशा गोष्टीचं काय’ असं म्हणण्यात अर्थ नसतो.

रात्री तीन वाजताचा प्रश्न

आजारी मुलाला खरं किती सांगायचं, यावर घराघरांत वेगवेगळं ठरतं. काही पालक नर्सला बजावून ठेवतात, ‘त्याला काही कळू देऊ नका.’ पुढची गंमत, म्हणजे गंमत कसली, अशी की मुलाला बहुतेक कळलेलं असतं. मायरा ब्लूबाँड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ १९७० च्या दशकात ल्युकेमिया झालेल्या मुलांच्या वॉर्डात राहून निरीक्षण करत होत्या. तीन ते नऊ वर्षांची ही मुलं. मोठ्यांनी काहीही न सांगता ती आपल्या आजाराबद्दल, औषधांबद्दल आणि शेवटी आपल्या मरणाबद्दल समजून चुकलेली होती. दुसरं एखादं मूल गेलं की त्यावरून आणि मोठ्यांच्या चेहऱ्यांवरून त्यांनी जुळणी केली होती. आणि आईवडिलांना त्रास नको म्हणून तीही ‘मला काही माहीत नाही’ असं नाटक करत होती. दोन्ही बाजूंना ठाऊक, दोन्ही बाजू गप्प.

हे नाटक रात्री ढिलं पडतं. आई झोपलेली असते, दिवे मंद असतात, नर्स तापमान बघायला वाकते आणि मूल विचारतं, ‘मी बरा होणार नाही ना?’ खोटं बोललं तर मुलाचा विश्वास जातो. खरं बोललं तर पालकांना दिलेला शब्द मोडतो, आणि सकाळी तक्रार आली तर बाजू घेणारं कोणी असेलच असं नाही. प्रशिक्षित नर्स अशा वेळी उलट विचारते, ‘तुला असं का वाटलं?’ आणि ऐकते. सांगण्यापेक्षा विचारण्यानं बरंच काही होतं. पण हे जमायला शिकवावं लागतं, आणि औषधांचे डोस शिकवतात तितक्या गांभीर्यानं ते क्वचितच शिकवलं जातं.

पालकांच्या भीतीबद्दल एक अभ्यास इथे सांगायलाच हवा. स्वीडनमध्ये कर्करोगानं मूल गमावलेल्या ४२९ पालकांना काही वर्षांनी विचारलं गेलं, की तुम्ही मुलाशी मृत्यूबद्दल बोलला होतात का? निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. बोललेल्या १४७ पालकांपैकी एकालाही पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्यांपैकी २७ टक्के पालकांना होता. यावरून प्रत्येकानं बोलावंच असा नियम निघत नाही. न बोललेल्या बहुतेकांनाही खंत नव्हती. पण बोललो तर आयुष्यभर टोचत राहील, ही भीती त्या पालकांच्या बाबतीत तरी खरी ठरली नाही.

दुःख, ज्याला रजा नाही

मूल गेलं की त्याच्या आईवडिलांना आधार द्यायचा, अंग पुसायचं, नळ्या काढायच्या, कागदपत्रं पूर्ण करायची. खाट स्वच्छ होते आणि बऱ्याचदा काही तासांत तिच्यावर नवं मूल येतं. घाबरलेलं, नुकतंच निदान झालेलं. त्याच्या आईला याच नर्सकडून हसून स्वागत हवं असतं आणि तो तिचा हक्कच आहे. शेजारच्या खाटेवरचं मूल विचारतं, ‘तो घरी गेला का?’

मूल नातेवाईक नसतं, त्यामुळे रजा मिळत नाही. सांत्वनाला कोणी येत नाही. घरी सांगावं तर गोपनीयता आड येते, आणि घरच्यांनाही रोज हे ऐकवत नाही. समाज ज्याला दुःख म्हणून मोजतच नाही अशा दुःखाचा अभ्यास अमेरिकेतले केनेथ डोका यांनी केला; १९८९ मध्ये त्यांनी मांडलेली कल्पना नर्सना तंतोतंत लागू पडते. न मोजलेलं दुःख लवकर निवत नाही. ‘व्यावसायिक राहा, गुंतू नका’ हा सल्ला यावर उपाय म्हणून सर्रास दिला जातो. माझ्या मते तो निरुपयोगी आहे. तीन वर्षं एका मुलाची काळजी घेताना न गुंतणारी नर्स ना मुलाला हवी असते ना पालकांना, आणि जी गुंतत नाही तिला मुलाच्या रडण्यातला बदलही ओळखू येत नाही.

साचलेल्या ताणाचं काय होतं

बर्नआउट हा शब्द आता कोणत्याही कंटाळ्याला लावला जातो. अभ्यासकांच्या लेखी त्याचे तीन भाग आहेत. क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ते मोजायची प्रश्नावली तयार केली: भावनिक दमणूक, माणसांबद्दल येणारा कोरडेपणा, आणि आपल्या कामाला काही अर्थ उरला नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद घेतली, पण आजार म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था म्हणून. कारण कामाच्या ठिकाणी आहे, हे त्या व्याख्येतच आलं.

याच्या जवळचं पण वेगळं असं काही म्हणजे करुणेचा थकवा. नर्सच्या संदर्भात कार्ला जॉइन्सन यांनी १९९२ मध्ये त्यावर लिहिलं. बर्नआउट कामाच्या ओझ्यानं हळूहळू चढतं. हा थकवा दुसऱ्याच्या वेदनेशी सतत संपर्क आल्यानं येतो आणि कधी अचानक येतो. एखाद्या मुलाचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही, स्वतःचं मूल जरा तापलं तरी रक्त तपासून घ्यावंसं वाटतं, किंवा उलट, कोणी रडत असेल तर आत काहीच हलत नाही.

हे ‘आत काहीच न हलणं’ बाहेरून निर्दयपणासारखं दिसतं. इझाबेल मेंझिस या मनोविश्लेषकांनी लंडनमधल्या एका रुग्णालयातल्या नर्सिंगचा अभ्यास १९६० मध्ये प्रसिद्ध केला. तिथे पेशंटचा उल्लेख नावाऐवजी खाटेच्या नंबरानं आणि बिघडलेल्या अवयवानं होत असे. कामं अशी तोडलेली होती की एका नर्सला एका पेशंटपाशी फार वेळ थांबावंच लागू नये. मेंझिस यांचं म्हणणं असं, की हा कोणा एकीचा स्वभावदोष नसून भीती आणि दुःख यांपासून वाचायला सगळ्या व्यवस्थेनंच उभारलेली भिंत आहे. भिंतीमुळे त्रास कमी झाला नाही, कामातलं समाधान मात्र गेलं. मुलांच्या वॉर्डात कोणी ‘सात नंबरचा ट्यूमर’ म्हणू लागली, तर तिला उपदेश करण्याआधी तिची गेल्या महिन्यातली ड्यूटी बघावी.

उपाय कुठे शोधायचे

इथे ती सलाईनची पिशवी आठवायची. ताणाचे उपाय म्हणून बऱ्याच ठिकाणी काय होतं? सुट्टीच्या दिवशी ध्यानधारणेची कार्यशाळा, भिंतीवर हसऱ्या चेहऱ्याचं पोस्टर, परिचारिका दिनाला गुलाबाचं फूल. श्वासाचे व्यायाम चांगलेच आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण ते म्हणजे सिरिंज तशीच ठेवून ‘लक्ष द्या’ म्हणणं झालं. व्यवस्था बदलायला हवी.

पहिली गोष्ट, माणसं. लिंडा एकेन यांच्या चमूनं अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. एका नर्समागे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त, आणि नर्सना बर्नआउट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी जास्त आढळली. ते पेशंट प्रौढ होते, पण मुलांचं काम सोपं असतं असं कोणी म्हणणार नाही. बालकर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या गटानं २०१४ मध्ये साधनं कमी असलेल्या देशांसाठी सुचवलेल्या किमान मानकांत वॉर्डात एका नर्सकडे पाच मुलं, तर अतिदक्षता आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात दोन, असं प्रमाण दिलं आहे. याच्या जवळपासही न पोचणारे वॉर्ड पुष्कळ आहेत. तिथे आधी ताणावर व्याख्यान ठेवणं म्हणजे थट्टाच.

दुसरी, बदल्या. केमो नीट द्यायला शिकलेली, पोर्ट हाताळणारी, पालकांशी बोलायला सरावलेली नर्स ठरावीक काळ झाला म्हणून हाडांच्या वॉर्डात पाठवायची आणि तिच्या जागी नवखी आणायची, हे प्रशासनाच्या सोयीचं असेल. मागे राहिलेल्यांवर मात्र दुहेरी तपासणीपासून शिकवण्यापर्यंत सगळा भार येतो. जिला स्वतःहून काही महिने दुसरीकडे जायचंय तिला जाऊ द्यावं, तिनं परत यायचं म्हटलं तर कमीपणा न मानता घ्यावं. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं, की नुसत्या जास्त कामापेक्षा जास्त काम आणि त्यावर आपला काहीच ताबा नाही, ही जोडी माणसाला खाते.

तिसरी, बोलायचा अधिकार. ‘मलम लागलेलं नाही, एक तास थांबू’ असं नर्सनं म्हटलं तर प्रक्रिया थांबेल, हा नियम लेखी असावा आणि तो पाळला जावा. उपचार पुढे न्यायचे की थांबवायचे या बैठकीत तिला खुर्ची असावी. निर्णय तिच्या मनासारखा होईलच असं नाही. पण कारण कळलं की तोच निर्णय अमलात आणणं सोसवतं. या सुधारणेला खर्च जवळपास नाही, आणि तरी ती सगळ्यांत अवघड आहे, कारण तिथे उतरंडीला धक्का बसतो.

चौथी, दुःखाला जागा. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातले नर्स जोनाथन बार्टेल्स यांनी एक साधी पद्धत रुजवली: पेशंट गेला की खोलीतले सगळे क्षणभर थांबतात, गेलेल्या माणसाची आणि आपण केलेल्या प्रयत्नांची दखल घेतात आणि मग कामाला लागतात. बोस्टनमध्ये १९९७ पासून सुरू झालेल्या श्वार्ट्झ राउंड्समध्ये डॉक्टर, नर्स, सफाई कर्मचारी एकत्र बसून एखाद्या प्रसंगानं आपल्याला काय झालं ते बोलतात. उपचार बरोबर होते की चूक ही चर्चा तिथे करत नाहीत. अशी बैठक ड्यूटीच्या वेळात धरली, आणि तेवढ्या वेळात वॉर्ड सांभाळायला कोणी असलं, तरच नर्स येतात.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, मग या नर्स टिकतात तरी कशा? टिकतात, आणि वर्षानुवर्षं टिकतात. उपचार संपवून गेलेला मुलगा दहा वर्षांनी मिसरूड फुटलेला तपासणीला येतो आणि वॉर्डात डोकावतो. उलटीचं औषध अर्धा तास आधी दिल्यामुळे एका मुलीचा दिवस बरा गेला, हे त्याच दिवशी दिसतं. हे समाधान अभ्यासक मोजतातही, आणि एकीच्याच ठिकाणी ते थकव्याबरोबर नांदू शकतं. म्हणून एखादी नर्स ‘मला हे काम आवडतं’ म्हणाली, तर तिला ताण नाही असं समजू नये.

स्वतः नर्सनं कधी सावध व्हावं? सुट्टीनंतरही झोप आणि भूक परत येत नसेल, ड्यूटीला निघताना पोटात गोळा येत असेल, दारूचा किंवा झोपेच्या गोळ्यांचा आधार लागत असेल, सगळं नकोसं वाटत असेल, तर हा आता नुसता ताण राहिलेला नाही. नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. मरून जावंसं वाटत असेल तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगून डॉक्टर गाठावा. अर्थात रुग्णालयानं ही भेट वरिष्ठांच्या कानावर न जाता होईल अशी सोय केलेली असेल तरच कोणी जाईल.

पालकांसाठीही एक गोष्ट. तुमच्या मुलाला कशाची भीती वाटते, ते कशानं शांत होतं, त्याला काय सांगितलंय आणि काय नाही, हे एका कागदावर लिहून पहिल्याच दिवशी नर्सकडे द्या. पाळी बदलली तरी ते हाताशी राहतं. औषध तपासत असलेल्या नर्सला हाक मारू नका, मूल गुदमरत असेल किंवा रक्त जात असेल तरच मारा. आणि तिचा वैयक्तिक फोन नंबर मागू नका. ती मायेपोटी देईल, रात्री दोन वाजता उचलेल, सुट्टीच्या दिवशीही उचलेल, आणि झोपेतून उठून, पुढ्यात केसपेपर नसताना काहीतरी सांगेल, जे तुमच्या मुलासाठीही धोक्याचं आहे. वॉर्डचा एकच नंबर असावा, तो चोवीस तास चालू असावा, आणि जी ड्यूटीवर असेल तिनं तो उचलावा. असा नंबर नसेल तर तो सुरू करा, अशी मागणी पालकांनीच लेखी करावी.